चोवीस हिरवे घोडे

१६ नोव्हेंबर, रविवार

मेघाने नाशिकहून व्हिडिओ पाठवला. "आई, बघ, आपले साटमकाका!" ठाण्याचं कुठलंसं प्रदर्शन. साटम उभे, गळ्यात ओळखपत्र, पुढे लांब टेबल. टेबलावर ह्यांची फौज. अंगठ्याच्या पेराएवढे चारशे बारा नग. घोडेस्वार, गारदी, तोफा, उंट, मागे बाजारबुणगे. फासे टाकून, पट्टीने चाल मोजून लढाई खेळायची ती फौज. ह्यांनी अकरा वर्षं बसून रंगवलेली. पाटीवर नाव: रमाकांत साटम.

मुलाखत घेणारी विचारते, "सगळं एकट्याने?" म्हणाले, "एक मित्र होता, आता नाही तो. बेस चिकटवायला मदत करायचा."

बेस चिकटवायला. म्हणजे पायाखालच्या चकत्या.

पाच वेळा पाहिला. भात करपला.

१७ नोव्हेंबर

इथून पुढे त्या माणसाला नुसतं सा. लिहिणार. पूर्ण नाव लिहायला शाई जास्त लागते.

फौज चोरीला गेलेली नाही. मी दिली. हे मार्चमध्ये गेले, तेराव्याला सा. आले. "वहिनी, खाडीची हवा, रंग सुटेल. माझ्याकडे काचेचं कपाट आहे. अरविंदची आठवण म्हणून सांभाळतो." मी जुनी सुती साडी फाडून एकेक स्वार गुंडाळला, भाले वाकू नयेत म्हणून कापूस घातला. सात खोके. लिफ्टपर्यंत मीच पोचवले. वर चहा पाजला, आलं घालून.

आज फोन केला.

"अहो वहिनी, पाटी आयोजकांनी लावली. शेवटी टीमवर्कच ना ते."

"फौज परत द्या."

"मार्चपर्यंत प्रदर्शनं ठरलीत. मग बघू. आणि तुम्ही काय करणार तिचं? पुसत बसणार?"

फोन ठेवल्यावर सुचलं काय बोलायचं होतं ते. नेहमीसारखं.

२० नोव्हेंबर

मोनिका आली. बोंबील. उत्तनहून रिक्षाने येते, आमच्या सेक्टरमध्ये तिची सतरा वर्षांची घरं आहेत. हे तिच्याकडून बारीक वाळू मागवायचे, बेसवर पसरायला. तिला व्हिडिओ दाखवला. माशांची पाटी खाली ठेवून उभ्या उभ्या पाहिला.

"बाय, हा तोच ना, तुजे घरान बसून तीन तीन वेला च्या पिणारा?"

"तोच."

"मंग तू काय करतेस? रडतेस?"

"रडत नाही."

"रडू पन नको. त्याला रडव."

बोंबील ताजे होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांची रंगांची वही काढली. मार्चनंतर पहिल्यांदा. पहिल्याच पानावर: "सु. म्हणते ७ मातकट. सु. म्हणते ११ शेवाळी. ७ व ११ शेजारी ठेवू नयेत."

सु. म्हणजे मी.

ह्यांना लाल-हिरवा कळत नसे. तपकिरी आणि हिरवा तर मुळीच नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं, खाली मान घालून, जणू बाहेर कुणी ऐकतंय असं. सरकारी खात्यात विजेच्या कामावर होते. भरतीच्या डॉक्टरी तपासणीत ठिपक्यांतले आकडे वाचायचे असतात, ते ह्यांनी आधी पास झालेल्या एकाकडून पाठ करून घेतले होते. कळतं तर त्याच दिवशी घरी. तेहतीस वर्षं वायरींचे रंग हेल्परच्या तोंडून काढून घेतले: "हं, सांग बघू, ही कुठली?" हेल्परला वाटायचं साहेब शिकवतायत. निवृत्तीनंतरसुद्धा म्हणायचे, "कुणाची तरी जागा फसवून घेतली मी. कुठे बोलू नकोस." मेघालाही माहीत नाही.

म्हणून बाटल्यांवर आकडे मी घालायचे. दुपारी मी शेजारी बसायचे, निवडणं घेऊन किंवा पुस्तक घेऊन. "हा कुठला?" "नऊ. विटकरी." हात मात्र त्यांचाच. तीन शून्यांच्या, सगळ्यात बारीक ब्रशने गारद्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचे, श्वास धरून. मीपण धरायचे. एकदा विचारलं होतं, जगात इतके छंद, हाच का? म्हणाले, तू शेजारी बसतेस.

पुरावा म्हणून ही वही पुरे. कुठला स्वार कधी, कुठल्या रंगाने, सगळं आहे. वही उघडली की सा. खलास.

आणि वही उघडली की हेही बाहेर.

१ डिसेंबर

काही नाही. वाचनालयात गेले. इतिहासाची दोन जाडी पुस्तकं आणली. मी नववीपर्यंत शिकले. बाकीचं ह्यांनी आणलेल्या पुस्तकांवर. अडलेला शब्द पेन्सिलीने वर्तुळ करून ठेवायचा, संध्याकाळी विचारायचा. आता वर्तुळं तशीच राहतात.

५ डिसेंबर

सा.चा फोन. आवाजात साखर.

"वहिनी, अरविंदची एक वही होती ना? मिळेल का? अभ्यासासाठी."

"कसला अभ्यास?"

"अहो, ते चोवीस घोडे. हिरवे. लोक सारखं विचारतात, हिरवे का? मी सांगतो त्यामागे इतिहास आहे. पण नेमका संदर्भ..."

भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली. ह्याला माहीत नाही! अकरा वर्षं टेबलापलीकडे बसला, आणि घोडे हिरवे का ते ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे. मेघाच्या बाळंतपणाला मी दीड महिना नाशिकला होते. मागे ह्यांच्या रंगांचं नवीन पार्सल आलं. बाटल्यांवर आकडे घालायला घरात कुणी नाही. थांबले असते तर चाललं असतं, पण मला चकित करायचं होतं. मी आले तर टेबलावर चोवीस स्वार ओळीने, पागोटी बरोबर, अंगरखे बरोबर (ते जुन्या बाटल्यांतले), आणि खाली घोडे शेवाळ्यासारखे हिरवेगार. ह्यांना तपकिरी वाटलेले. माझ्याकडे असे बघत होते, काय सांगू. म्हटलं, "छान झालेत." नंतरही सांगितलं नाही. रोज उद्यावर. मग एकदा ते क्लबात खेळायला घेऊन गेले आणि सांगायची वेळ गेली. क्लबात कुणी बोललं नाही, की बोललं आणि ह्यांनी हसण्यावारी नेलं, देव जाणे.

सा.ला म्हटलं, वही शोधते.

६ डिसेंबर

सा.ला फोन केला. सांगितलं, वही देत नाही, फाटायला झाली आहे, पण वाचून दाखवते. पुढ्यात लसणाची पात होती, वही कपाटात. वाचल्यासारखं बोलले:

"उन्हाळ्याच्या मोहिमेत गोमाश्या फार. म्हणून काही पथकांत घोड्यांच्या अंगाला कडुनिंबाचा पाला वाटून लेप देत. लांबून घोडे हिरवे दिसत."

मामाच्या म्हशीला लावायचे, ते आठवलं.

सा. लिहून घेत होते, पेनाचा आवाज येत होता. "वा! वा वहिनी! कुठल्या बखरीत आहे हे?"

"तेवढाच कोपरा फाटलाय."

"हरकत नाही. मी बघतो."

लसणाची चटणी आज झणझणीत झाली. कित्येक महिन्यांनी दोन भाकऱ्या.

२१ डिसेंबर

पीक चांगलं आलं आहे. मेघाने सा.चं नवीन भाषण पाठवलं. लेपाला नाव दिलंय: निंबलेप. पथकही तयार केलंय, 'निंबलेपी पागा'. म्हणे शत्रूला रानात दिसू नये म्हणूनही. हे मी सांगितलं नव्हतं. एकदा थाप हातात दिली की माणूस तिला आपलंच पोर असल्यासारखं वाढवतो.

मेघा म्हणाली, "किती माहिती आहे ना काकांना?"

"खूप."

"आई, तू अजून चिडलीयस. सोड ना. खेळण्यांसाठी भांडणार का या वयात?"

खेळणी म्हणाली. पोरीवर राग धरणार नाही, पण लिहून ठेवते.

८ जानेवारी

वाचनालयात पाटणकर सर भेटले. शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त. वर्तमानपत्राच्या टेबलावर त्यांची खुर्ची ठरलेली. चूक दिसली की झोप लागत नाही अशी कीर्ती. फोनवर 'निंबलेपी पागा' दाखवली. चष्मा वर, चष्मा खाली.

"हे कोण गृहस्थ?"

"व्याख्यान आहे त्यांचं पंचवीसला, शांती नगरच्या हॉलमध्ये. तुम्ही या. एवढंच विचारा, आधार काय."

"एवढंच?"

"एवढंच पुरे."

महिनाभर मीही शोधलं आहे. पाच जाडी पुस्तकं. निंबलेप कुठेही नाही. खात्री करून घेतली. चुकून खरं निघालं असतं तर सा.चं काय, सोनंच झालं असतं.

१२ जानेवारी

सा. घरी येऊन आमंत्रण देऊन गेले. "वहिनी, दीपप्रज्वलन तुमच्या हस्ते." विधवेच्या हातून दिवा. सा. पुरोगामीही झाले.

फोटोकडे बघून हात जोडले. जोडलेले हात दिसले आणि माझ्या मनात आलं, ही दहा बोटं साठ माणसांसमोर थरथरताना बघायची आहेत. असं मनात आलं ते आलं. खोटं कशाला लिहू.

चहा दिला. आलं नाही घातलं.

२६ जानेवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही.

हॉल भरला होता. मी दिवा लावला. टाळ्या. मग सा. बोलले, चाळीस मिनिटं, टेबलाभोवती फिरत, हातात काठी. ह्यांच्या गारद्यांना काठीने दाखवत होते. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत वही, नुसती सोबतीला.

प्रश्नोत्तरं. पाटणकर सर उठले. शाळेतल्यासारखे. "निंबलेपाला आधार काय?"

"एका जुन्या हस्तलिखितात..."

"कुठल्या? कुणाकडे आहे? आपण स्वतः पाहिलंत?"

सा. माझ्याकडे बघू लागले. मी बघितलं नाही. दोन महिने याच क्षणासाठी जेवले होते. घाम पुसला त्यांनी. काठी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता.

मग हसले सा. माइक जवळ घेतला.

"खरं सांगायचं तर, ते चोवीस घोडे माझे नाहीत. माझा दिवंगत मित्र अरविंद, त्याने रंगवले. त्याचं रंगांचं गणित जरा... असो. मैत्रीखातर फौजेत ठेवले. त्याची चूक झाकायला ही गोष्ट रचावी लागली, क्षमस्व."

हॉल हसला. वाईट मनाने नव्हे, तसाच हसला. मागून कुणीतरी, "हिरवा घोडा! पालक जास्त खाल्ला असेल!" आणखी हसले.

फौज चारशे बाराची. त्यातले तीनशे अठ्ठ्याऐंशी सा.चे. ह्यांचं नाव लागलं ते फक्त चुकीवर. आणि खड्डा मी खणलेला. लसणाची पात निवडत.

उठले.

"घोडे ह्यांनीच रंगवले. रंग मी सांगितला. हिरवा मी म्हटलं म्हणून हिरवा. हसायचं तर मला हसा."

टेबलाकडे वळले.

"आणि साटम म्हणाले हे घोडे त्यांचे नाहीत. सगळ्यांनी ऐकलं. मग मी नेते."

टेबलाशी गेले. सा. पुढे आले, हळू आवाजात, "वहिनी, आत्ता नको, घरी आणून देतो ना."

"घरातून एकदा नेलंत तेवढं पुरे."

एकेक उचलून पदरात घेतला. पाटणकर सरांनी पिशवी धरली. चोवीस. एकाचा भाला वाकला आहे. फौजेच्या डाव्या अंगाला हिरव्या कापडाचा मोठा रिकामा पट्टा राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

बाहेर सर म्हणाले, "सुमनताई, तुम्ही सांगितला असता तर हिरवा सांगितला नसता. तुम्ही पुस्तकं वाचणाऱ्या बाई."

पिशवी त्यांच्या हातून घेतली.

२७ जानेवारी

कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरतोय. मेघाचा फोन. आधी ओरडली, मग हसली, मग रडली.

"पण आई, तू हिरवा का सांगितलास?"

"मला आवडतो."

"घोडा?"

"रंग."

आता मी हिरव्या घोड्यांची बाई. तळमजल्यावरच्या हंसाबेनसुद्धा म्हणाल्या, "तमे तो छा गए!" चालेल. माझ्यावर हसलेलं मला लागत नाही.

पण समाधान नाही. मला वाटलं होतं होईल. सा. काल झेंडावंदनाला पुढच्या रांगेत होते म्हणे, पांढरे कपडे.

२९ जानेवारी

सा.चा फोन. साखर संपली.

फेब्रुवारीत पुण्याला मोठं प्रदर्शन आहे. फौजेचा फोटो आधीच छापून गेलाय, घोड्यांसकट. डावी बाजू उघडी पडते. "घोडे द्या. पाटीवर लिहितो, रंगसहाय्य अरविंद."

"सगळी फौज आणून द्या. पाटीवर काय लिहायचं ते मी लिहीन."

मग हळू, अगदी मैत्रीतलं सांगावं तसं:

"वहिनी, अरविंदला रंग दिसत नव्हते. मला पहिल्यापासून माहीत आहे. लाल फासा आणि हिरवा फासा, कधी ओळखला नाही त्याने. सरकारी नोकरी, विजेचं काम. लोकांना कळलं तर काय म्हणतील? मी इतकी वर्षं झाकलं. त्या दिवशी हॉलमध्येसुद्धा 'असो' म्हणून सोडलं. रविवारपर्यंत घोडे द्या."

फोन ठेवला.

म्हणजे घोडे हिरवे का, हे त्याला डिसेंबरातही माहीत होतं. वही वाचायला नको होती त्याला. वही माझ्या हातून घ्यायची होती, आगीत टाकायला. आणि मी बसले गोमाश्या सांगत.

३० जानेवारी

मोनिका. आज सुरमई, घेतली नाही. सगळं नाही सांगितलं, एवढंच की तो ह्यांच्याबद्दल काहीतरी वाईट बोलेन म्हणून धमकावतोय.

"खरा हाय काय ते?"

"खरं आहे."

"चोरी केली? बाई ठेवली?"

"नाही गं."

"मंग वाईट कसा? बाय, मेलेल्या मानसाला कोन घरी बसवनार हाय? नोकरी जानार काय त्याची?"

हसू आलं. मग ती गेल्यावर आलं ते हसू नव्हतं.

तिला सोपं आहे. खाली मान घालून सांगणारा माणूस तिने पाहिला नाही. ह्यांनी कधी मला मोकळं केलं नाही दिलेल्या शब्दातून. आणि आता विचारायचं कुणाला? वहीत शोधलं, शेवटपर्यंत. कुठे काही नाही. नुसते आकडे. सु. म्हणते, सु. म्हणते.

चोवीस घोड्यांची नोंद आहे मात्र. माझ्याशिवाय केलेली एकच नोंद. "सु. नाशिकला. नवीन बाटली. अंदाजाने तपकिरी. बरोबर असावा." पुढे दुसऱ्या शाईत, नंतर कधीतरी: "सु. छान म्हणाली. म्हणजे चुकला."

तीनदा वाचलं. माहीत होतं त्यांना. मी खोटं बोलते तेव्हा ओळखायचे आणि तरी ते घोडे पुढच्या रांगेत मांडायचे. सा.समोर, सगळ्यांसमोर.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी सा.ला फोन केला. ठरवून नव्हे. चहा गाळता गाळता.

म्हटलं, "उद्या या. फौज घेऊन या, सातही खोके. आणि जे बोलणार आहात ते ज्यांच्यासमोर बोलायचं, ती माणसंही घेऊन या. पाटणकर सरांना मी बोलावते. इथे बोला, माझ्यासमोर. मी ऐकते."

"वहिनी, विचार करा."

"तुम्ही करा. तुम्ही चोर आहात हे एका पाटीवर मावतं. ह्यांचं लिहायला अख्खी वही लागली."

ठेवला. मी जिंकत आले की तेहतीस वर्षं जपलेलं एका फोनात टाकून बसले, कळत नाही. मेघाला आधी सांगायला हवं, दुसऱ्याकडून कळू नये. फोन लावला, दोनदा वाजला, कापला. तिचा उलट आला, घेतला नाही. तिला काय सांगायचं, कुठल्या वाक्याने सुरू करायचं? तुझे बाबा फसवून नोकरीला लागले. की, तुझ्या बाबांना रंग दिसत नसताना त्यांनी चारशे बारा माणसं रंगवली. दोन्ही खरं.

पाटणकर सर येतो म्हणाले. मोनिका म्हणाली, धंदा आटपून येते, कोयती घेऊनच. नको म्हटलं.

भाला सरळ केला. दाराजवळचं टेबल रिकामं करून चोवीसच्या चोवीस मांडले, दोन रांगा, तोंडं दाराकडे. दुपारच्या उन्हात फारच हिरवे दिसतायत.